पलंग कुणी आणायचा?

तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपायला जाते. भाद्रपद वद्य अष्टमीला ती सिंहासनावरून उतरते आणि घटस्थापनेपर्यंत पलंगावर पहुडते, ती घोरनिद्रा. मग नवरात्रभर महिषासुराशी लढायचं, दसऱ्याचं सीमोल्लंघन करायचं आणि पुन्हा पलंग, थेट कोजागरीपर्यंत, ही श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी आठवडाभर तिसरी, मोहनिद्रा. बहुतेक ठिकाणी देव जागचा हलत नाही, भक्तच हलतात. इथे मूर्तीच चल आहे, त्यामुळे तिला रीतसर उचलून झोपवता येतं. तिथीची क्षयवृद्धी सोडली तर तिन्ही निद्रांची बेरीज एकवीस दिवसांच्या घरात जाते. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता कोरोनाच्या साथीमुळे साऱ्या देशाला एकवीस दिवस घरात बसायला सांगितलं गेलं, तेव्हा बाकीच्यांना हा आकडा नवा वाटला असेल. धाराशिव जिल्ह्याला, म्हणजे तेव्हाच्या कागदावरच्या उस्मानाबादला, तो नवा वाटायचं कारण नव्हतं. एकवीस दिवस कसं पडून राहावं आणि उठल्यावर पुन्हा कामाला कसं लागावं, याचं प्रात्यक्षिक जिल्ह्यात पिढ्यान्पिढ्या चालू आहे. आपण मात्र ते सोडून, काढ्यात मिरी किती आणि सुंठ किती, हे मोबाइलवर शोधत बसलो.

त्या प्रात्यक्षिकात पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो झोपेमागचा खटाटोप. पलंग येतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावाहून, जुन्नर, नगर असे मुक्काम करत. पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. पलंग करणारे ठरलेले, वाहणारे ठरलेले, वाटेत त्याला ओवाळणारी गावं ठरलेली. इकडे गाद्यांचा कापूस आधी पिंजून घेतात, कारण वर्षभर दबलेल्या कापसावर देवीला काय, कुणालाच झोप लागत नाही. निजवायची वेळ पंचांगात, उठवायची वेळ पंचांगात, आणि मधल्या दिवसांत कुणी काय करायचं तेही वाटून दिलेलं. म्हणजे जगाच्या आईला आठवडाभर पडायचं तर दोन-तीन जिल्हे कामाला लागतात. यातून एक साधा हिशेब निघतो, आणि या लेखाचं सगळं म्हणणं त्या हिशेबावरच उभं आहे. नुसतं बसून राहिलं की विश्रांती होते, हा आपला गैरसमज आहे. विश्रांतीला तिथी लागते, पलंग लागतो, आणि आपण निजलो असताना जागं राहणारं माणूस लागतं. लॉकडाऊनमध्ये घराघरांतली तब्येत बिघडली ती या तिन्हींचा घोळ झाल्यामुळे. तिथी सारखी पुढे सरकत होती, पलंगावर आधीच कुणीतरी पाय पसरून बसलेलं होतं, आणि जागं राहणारं माणूस रोज तेच होतं.

तिथीपासून सुरुवात करू. लॉकडाऊन लागला तो दिवस २५ मार्चचा, म्हणजे ऐन गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त आपण घरात बसण्याचा शुभारंभ करण्यात खर्ची घातला. त्या दिवशी कडुनिंबाचा पाला चावताना पुष्कळांना वाटलं असेल, की एकवीस दिवस काय, बघता बघता जातील. पण १४ एप्रिलला कळलं की आता ३ मे. मग १७ मे. मग ३१ मे. नवस बोलावा आणि देवानेच तारीख पुढे ढकलावी तसं झालं. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते, चुनखडीचे खडे वेचायला लाखो माणसं लोटतात. त्या वर्षी खडे जागेवरच राहिले. याच उस्मानाबादेत जानेवारीच्या १० ते १२ तारखांना त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष, ना. धों. महानोर उद्घाटक, आणि मांडवात खांद्याला खांदा लावून बसलेले रसिक. त्यानंतर दहाच आठवड्यांत माणसं एकमेकांपासून सहा फुटांवर गेली. मराठी साहित्यिकांना हे अंतर राखायला शिकवावं लागत नाही, ही गोष्ट वेगळी. एप्रिलच्या सुरुवातीला उमरगा-लोहारा भागात मोजके रुग्ण सापडले, ते बरे झाले, आणि महिनाअखेरीच्या सरकारी यादीत जिल्हा हिरव्या गटात गेला. आता सुटलो, असं म्हणेपर्यंत मे महिन्यात रुग्ण पुन्हा वाढू लागले. वर त्या वर्षी अधिक आश्विन आला. जे वर्ष लवकर संपावं म्हणून सगळे देव पाण्यात ठेवले होते, त्याच वर्षाला पंचांगाने एक महिना जास्तीचा दिला.

सुटकेची तारीख माहीत असली की माणूस कैदही बऱ्यापैकी काढतो. तारीख माहीत नसली तर त्याला माहेरपणही सोसवत नाही. मग ही तारीख शोधायला आपण टीव्ही लावला, आणि तो बंद करायचं विसरलो. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच मन सांभाळण्यासाठी जो सल्ला दिला त्यात हे होतं, की बातम्या दिवसातून एक-दोनदा, ठरल्या वेळी पाहा. नेमका हाच सल्ला आपल्याकडे रुजला नाही. कारण आपल्याकडे बातम्या पाहत नाहीत, त्या घरात लावून ठेवतात, उदबत्तीसारख्या. सकाळी आजोबांनी लावलेली वाहिनी रात्री कुणीतरी रिमोट हरवल्यामुळे चालूच राहायची. देवीच्या आरत्यांनासुद्धा वेळा आहेत. सकाळी सातला सुरू झालेली आरती रात्री अकरापर्यंत लांबली असती, तर देवीनेच उठून देवळाच्या आवारातलं कल्लोळ तीर्थ गाठलं असतं.

दुसरी गोष्ट पलंगाची, म्हणजे झोपेची. आपल्या पूर्वजांनी निद्रेचे जे तीन प्रकार केले ते बसवले देवीवर, पण त्यांची खरी चाचणी झाली ती २०२० साली तुमच्या-आमच्या घरांत. घोरनिद्रा म्हणजे काय, हे सांगायला शास्त्री लागत नाही. जी घोरत घेतात ती. एप्रिलचा उन्हाळा, पारा चाळिशीच्या वर, येसराच्या आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वर कांदा, आणि मग पंख्याखाली सतरंजी. घरातला कर्ता पुरुष दुपारी दीडला जो आडवा होई तो चहाच्या वासाने उठे. मोहनिद्रा घरातल्या तरुणांकडे गेली. ती रात्री सुरू होते, पण हिच्यात डोळे मिटत नाहीत. अंगठा तेवढा वर-खाली होत राहतो. रात्री दोनला माणूस न फुगलेला केक कसा फुगवावा हे पाहत असतो, अडीचला इटलीतले रुग्ण मोजत असतो, आणि तीनला शाळेतल्या वर्गमित्राच्या मेव्हण्याच्या लग्नाचे फोटो बघून खिन्न होतो. उरली श्रमनिद्रा, तिन्हींतली सगळ्यात मानाची, कारण ती लढाईनंतर कमावलेली असते. तिची वाटणी मात्र घरोघरी विचित्र झाली. श्रम एकीकडे गेले आणि निद्रा दुसरीकडे.

झोप वाढली म्हणजे तब्येत सुधारली, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर परदेशातून आलं आहे. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या लोकांची त्या वसंतातल्या लॉकडाऊनमध्ये पाहणी झाली आणि ती ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात २०२० सालीच छापून आली. झोपेचा वेळ थोडा वाढला होता, कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांतल्या झोपेच्या वेळांमधली तफावत कमी झाली होती, पण झोप कशी लागते असं विचारल्यावर लोक म्हणाले, पूर्वीपेक्षा वाईट. म्हणजे तास वाढले आणि कस उतरला. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. उठायची वेळ रोज बदलली की ते बिचारं गोंधळतं. पहाटे चौघडा वाजायचा तो वाजतोच, म्हणून देवीला उठायचा प्रश्न पडत नाही. आपल्या घरात सकाळी नऊ वाजता कुणी पडदा सरकवला तर सरकवणारावरच लोक खेकसायचे.

इथे उद्योगी मंडळी हरकत घेतील. त्यांचं म्हणणं असं, की निद्रेचं एवढं कौतुक कशाला? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. घरात बसलेल्या माणसाने स्वतःला गुंतवून ठेवावं, म्हणजे मन ठिकाणावर राहतं. ही हरकत वजनदार आहे, कारण तिच्या बाजूने सबंध देश उभा होता. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका घालून काढा सांगितला, तो आपण एवढा उकळला की रोगाआधी नाकानेच हात टेकले. सकाळी नऊला रामायण, संध्याकाळी व्यायाम, मग कॉफीचा फेस हाताने फेटायचा, मग जुने फोटो लावायचे, मग एखादी परदेशी भाषा शिकायला घ्यायची आणि तिच्यातला नमस्कार येताच सोडून द्यायची. यातल्या एकाही गोष्टीशी भांडण नाही. हातपाय हलवायलाच हवेत. आठवड्याला दीडशे मिनिटं तरी अंगमेहनत करा, हेही जागतिक आरोग्य संघटनेचंच सांगणं आहे. भांडण आहे ते या गोष्टी भोकं बुजवल्यासारख्या करण्याशी. तुंबडी लावणारा न्हावीसुद्धा भिंत निवडून लावत असेल. आपण दिसेल त्या भिंतीला लावत सुटलो. दिवसात मोकळी जागा दिसली की तिच्यात छंद कोंबायचा, ही विश्रांतीची भीती झाली. देवीच्या प्रत्येक दीर्घ झोपेच्या एका टोकाला नवरात्र आहे. घोर आणि मोह या दोन निद्रांनंतर काम येतं, श्रमनिद्रेच्या आधी. झोप आणि काम यांची अशी सांधेजोड असली की दोन्ही गोड लागतात. आपली झोप कामापासून सुटली आणि काम झोपेपासून. मग दिवसभर ना धड जागं, ना धड निजलेलं, असं एक डुलकं जीवन उरलं. जांभई देत व्यायाम आणि व्यायाम करत जांभई.

आता तिसऱ्या गोष्टीकडे येऊ, आणि इथे थोडं बसावं लागेल, कारण खरी गोम इथेच आहे. निजलेल्याच्या उशाशी जागं कोण? तुळजापुरात या प्रश्नाला एक शब्द आहे, पाळी. देवळात पुजाऱ्यांच्या पाळ्या असतात. पाळीकर पुजारी हे नावच त्यातून पडलं. आज तुझी, उद्या माझी, आणि पाळी चुकवली तर चारचौघांत जाब. जिल्ह्याच्या शेतातही पाळी आहेच. पेरणीआधी कुळवाची पाळी घातल्याशिवाय रान तयार होत नाही. एक पाळी बाईला निसर्गाने दिली, आणि आपल्या धर्मबुद्धीची कमाल अशी, की बाईला महिन्यातून चार दिवस बसायला मिळावं म्हणून तिला आधी विटाळशी ठरवावं लागलं. तिला थकवा आला आहे, एवढं कारण आपल्याला कधी पुरलं नाही. म्हणजे देवळात पाळी, रानात पाळी, फक्त स्वयंपाकघरात पाळी नाही. तिथे कायमची नेमणूक, आणि तीही बिनपगारी.

हे नुसतं बोलणं वाटू नये म्हणून आकडे घ्या. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर फिरून माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली, आणि तिचा अहवाल योगायोगाने सप्टेंबर २०२० मध्ये, बरेचसे लोक घरात असतानाच, बाहेर आला. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम दिवसभरात शंभरातल्या ८१ बायका करतात आणि २६ पुरुष. जे करतात त्यांच्यापुरतं मोजलं तर बाईची दिवसाची २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. या सत्त्याण्णव मिनिटांत ‘अगं, मीठ कुठंय?’ असं विचारण्याची मिनिटं धरली आहेत का, याचा खुलासा मला कुठे सापडला नाही. आणि हे लॉकडाऊनच्या आधीचे आकडे आहेत, म्हणजे लेकरं शाळेत, सासरे पारावर आणि नवरा कचेरीत असतानाचे. ही सगळी वरात चोवीस तास घरात आल्यावर काय झालं असेल, त्याला सांख्यिकी लागत नाही. दुपारी अडीच वाजताचं मोरीतलं दृश्य पुरतं. खाली कुकर, त्यात आमटीची कढई, कढईत पालथे पडलेले सात पेले, सगळ्यांवर दुधाची करपलेली पातेली, आणि पातेलीच्या कडेला कुणीतरी मोठ्या विचाराने, पडू नये अशा बेताने, टेकवून ठेवलेला चमचा. चमचा ठेवणाऱ्याला आपण मदत केली असं वाटत असतं.

तेरच्या गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, संतांच्या मेळ्यात एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते पाहिलं, ही कथा जिल्ह्यातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. लॉकडाऊनमध्ये ते थापटणं मोरीने मारलं. नामदेव कच्चे ठरले तेव्हा त्यांनाही राग आला होता, पण मग ते गुरूच्या शोधात गेले. आपल्या घरातलं कच्चं मडकं रागावून माळवदावर गेलं आणि जेवायची हाक आल्यावर खाली आलं.

यावर पुरुषमंडळींची ठरलेली हरकत आहे, आणि ती नम्रपणे मांडलेली असते. ‘आम्हाला करायचं असतं हो, पण जमत नाही. बाईच्या हाताची सर येत नाही. शिवाय तिलाच आवडत नाही कुणी मध्ये लुडबुडलेलं.’ या हरकतीचं खंडन करायला पुण्या-मुंबईच्या सुधारकांना बोलवायची गरज नाही, तुळजापूरचं देऊळ पुरे. देवीला स्नान कोण घालतं? पुरुष. लुगडं कोण नेसवतं, निऱ्या कोण काढतं, मळवट कोण भरतं, दागिने कोणत्या क्रमाने चढवायचे हे कोण लक्षात ठेवतं, नैवेद्याचं ताट कोण पुढे करतं? पुरुष, आणि पिढ्यान्पिढ्या. दगडाच्या मूर्तीला निऱ्या न विस्कटता लुगडं नेसवणं ही काय साधी गोष्ट आहे? ज्या जिल्ह्याच्या पुरुषांनी ही विद्या पाळी लावून शेकडो वर्षं जतन केली, त्यांना चहाच्या डब्याचं झाकण कुठल्या बाजूला फिरतं हे कळत नाही, यावर विश्वास ठेवणं जड जातं. हात तेच आहेत. फरक एवढाच, की देवळातल्या कामाला सेवा म्हणतात आणि घरातल्या कामाला मदत. सेवा चुकली की पाप लागतं. मदत चुकली की ‘विसरलो’ म्हणता येतं.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे, आणि तिच्यापुढे हा सगळा विनोद थोडा वेळ गुंडाळून ठेवायला हवा. पलंग, गादी, पाळी या गोष्टी ज्याच्या घरात दाणे आहेत त्याच्या. मार्चच्या मध्याला देऊळ भाविकांना बंद झालं ते १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडलं; मधलं शारदीय नवरात्र भाविकांविना गेलं. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, ते ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेला उघडलं. तुळजापूर हे गाव देवीच्या दारावर जेवतं. कवड्यांच्या माळा ओवणारे, परडी विकणारे, हळदकुंकवाच्या राशी मांडणारे, संबळ वाजवणारे गोंधळी, जोगवा मागणाऱ्या आराधिणी, लॉजवाले, रिक्षावाले. यांना जे मिळालं त्याला विश्रांती म्हणणं ही थट्टा होईल. त्याला बेकारी म्हणतात. कळंब, वाशी, भूम, परंड्याकडची जी जोडपी कोयता घेऊन ऊस तोडायला गेली होती, ती कारखान्यांच्या तळावर कोपीत अडकली. एप्रिलच्या मध्यात सरकारने त्यांना गावी परतायची परवानगी दिली तेव्हा कुठे घर दिसलं. त्यांना घरात राहून मन कसं रमवावं हे सांगायचं, तर आधी घर आणि मग मन. शिवभोजनाची थाळी पाच रुपयांवर आणली गेली, रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळालं, ते यासाठीच. ही हरकत मला मान्य आहे, आणि ती माझ्याच म्हणण्याला टेकू देते. पलंग कुणीतरी आणावा लागतो, हेच तर मी म्हणतो आहे. काहींचा पलंग घरच्यांनी आणायचा होता, काहींचा सरकारने. ज्यांचा कुणीच आणला नाही त्यांना ‘सकारात्मक विचार करा’ हा निरोप तेवढा मिळाला, आणि तो फुकट होता.

तिसरी हरकत भाबडी आहे. ‘घर ते घरच. चार भिंतींत माणूस आपोआप निवांत होतो, त्याला व्यवस्था कसली?’ हे म्हणणारा माणूस या जिल्ह्याचा नसावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक निजले असताना, किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबादच्या गावांवर त्यांचीच घरं कोसळली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची माती, जी उन्हाळ्यात गारवा द्यायची, तीच अंगावर आली. हजारो माणसं गेली. सास्तूरसारख्या गावांतले जे वाचले ते पुढे कितीतरी दिवस छपराखाली निजायला धजावत नव्हते. म्हणजे एकाच आयुष्यात या भागातल्या माणसाने दोन आदेश ऐकले: १९९३ साली ‘घरात जाऊ नका’ आणि २०२० साली ‘घराबाहेर पडू नका’. अशा माणसाला घर आपोआप निवांत करतं असं सांगू नये. आणि इथलं जुनं घर असंही नुसत्या चार भिंतींचं कधी नव्हतंच. बाहेर पार, मग ढाळज, मग अंगण, ओसरी, वर माळवद. आत आणि बाहेर यांच्यामध्ये ऐसपैस जागा होती आणि माणसाचं निम्मं आयुष्य त्या मधल्या जागेत जायचं. ढाळजेत बाजेवर बसलेला म्हातारा घरात होता की बाहेर, हे पोलिसालाही ठरवता आलं नसतं. ज्यांची ढाळज शाबूत होती त्यांचा लॉकडाऊन फ्लॅटवाल्यांपेक्षा बरा गेला असणार. फ्लॅटमध्ये दार उघडलं की थेट जिना, आणि जिन्यात शेजारी मास्कवरून डोळे वटारून उभा.

मग विश्रांतीची व्यवस्था कुणाला तरी नीट साधली का? साधली, आणि ती जिथे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं अशा ठिकाणी. पुण्या-मुंबईहून गावी आलेल्यांना गावाने वेशीवर अडवलं, रस्त्यात बाभळीच्या काट्या टाकल्या, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ‘कोरोंटाईन’ केलं. अपमान व्हायचा तो झालाच. शिक्का मारलेला डावा हात माणसं खिशात घालून बसायची. पण तो अपमान क्षणभर बाजूला ठेवून शाळेची खोली पाहा. भिंतीवर बाराखडी, फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच, बाक एका कडेला रचलेले, मध्ये चटई. किती दिवस राहायचं ते ठरलेलं: चौदा. कुठे निजायचं ते ठरलेलं. आणि दोन्ही वेळेला घरचा डबा फाटकाच्या सळईला अडकवून जाणारं कुणीतरी. तिथी आहे, पलंगाच्या जागी चटई आहे, जागं राहणारं माणूस आहे. सगळ्या सोयींच्या घरात जे जमलं नाही ते पहिली-दुसरीच्या वर्गात जमलं. कुठे कुठे तर या पाहुण्यांनी रिकामा वेळ जातो म्हणून शाळेचं आवार झाडलं, भिंती रंगवल्या. स्वतःच्या घरी यांना कुणी कुंचला हातात घेताना पाहिलं नव्हतं, पण तिथे पाळी होती ना. अर्थात डबा कुणी रांधला, हे विचारलं की आपण पुन्हा मोरीपाशी येतो.

मोरीचा प्रश्न त्या काळात काही घरांनी खरंच सोडवला होता, हे मात्र कबूल करायला हवं. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली वहीचा कागद लागला: सोमवार भांडी अमुक, मंगळवार केर तमुक, बुधवार कणीक. अक्षर बहुधा घरातल्या शाळकरी मुलीचं, कारण न्यायबुद्धी त्या वयात शाबूत असते. बापाने पहिल्यांदा घासलेल्या कढईचे फोटो सगळ्या गटांवर फिरले. २९९ मिनिटांच्या खात्यातल्या एकाही कढईचा फोटो आजवर कुणी काढला नव्हता. पण फोटोसाठी का होईना, कढई घासली गेली. आई दुपारी अर्धा तास आडवी झाली, आणि पंख्याचा आवाज एवढा मोठा असतो हे तिला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं. मग ‘अनलॉक’ आला. दुकानं टप्प्याटप्प्याने उघडली, बस हळूहळू सुटल्या, कचेऱ्या आधी निम्म्या माणसांनी आणि नंतर पूर्ण भरल्या. पण या टप्प्यांच्या सरकारी आदेशात कुठेही नसलेली एक गोष्ट घरोघरी सगळ्यात आधी आणि एका दिवसात पूर्ववत झाली. कागद फ्रिजवर तसाच राहिला. सोमवार आला, भांडी मोरीत तशीच, आणि आतून आवाज आला, ‘अगं, आता ऑफिस सुरू झालं ना.’